नाकाला कळतं ते आणि कळत नाही ते

२०१६ सालच्या ‘स्वच्छ सर्वेक्षणा’त देशातल्या ७३ शहरांमध्ये म्हैसूरचा पहिला क्रमांक आला. त्या म्हैसूरच्या वायव्य अंगाला जयलक्ष्मीपुरम नावाची वस्ती आहे. एका बाजूला गोकुलम, दुसरीकडे वाणीविलास मोहल्ला आणि यादवगिरी, दक्षिणेला विद्यापीठाचा मानसगंगोत्री परिसर आणि त्यापलीकडे कुक्करहळ्ळीचा तलाव. शाळा-महाविद्यालयं, झाडं, बऱ्यापैकी रुंद रस्ते. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला ‘तुमच्या भागात आरोग्याला धोका कशाचा?’ असं विचारलं, तर उत्तर काय येईल याचा अंदाज बांधता येतो, कारण हा प्रश्न जगभर अनेक वस्त्यांमध्ये विचारून झाला आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात कॅरन बिकरस्टाफ आणि गॉर्डन वॉकर यांनी हवेच्या प्रदूषणाबद्दल लोकांशी बोलून केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. लोक हवा पारखतात ती सरकारी आकड्यांवरून नव्हे. खिडकीच्या चौकटीवरची धूळ, वास, आपला खोकला, मुलांचा दमा ही त्यांची मापं असतात. अशा अभ्यासांमध्ये आणखी एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते: शहर वाईट असेल, पण आपली गल्ली त्यातल्या त्यात बरी, असं बहुतेकांना वाटतं. आपल्या घराभोवती माणूस चांगुलपणाचं एक वलय कल्पतो. घर आपण निवडलेलं असतं, त्यात आयुष्याची कमाई घातलेली असते. त्याच्याबद्दल वाईट ऐकणं जड जातं.

शहराला पहिला क्रमांक मिळाला की हे वलय आणखी दाट होतं. पण स्वच्छतेचा क्रमांक लावताना कचरा उचलणं, शौचालयं, लोकांचा प्रतिसाद या गोष्टी बघितल्या जातात. तुमच्या फुप्फुसात काय जातं हे त्यात मोजलेलं नसतं. त्याच म्हैसूरच्या दक्षिणेला विद्यारण्यपुरमला जुन्या कचऱ्याचे डोंगर साठले. तिथल्या रहिवाशांनी दुर्गंधीच्या तक्रारी वर्षानुवर्षं केल्या. शहर तेच, महापालिका तीच. धोक्याची समज मात्र कुठल्या मोहल्ल्यात घर आहे त्यावर ठरली.

आज निवांत दिसणारा जयलक्ष्मीपुरमचा हा भाग एकेकाळच्या मोठ्या भयांनी घडवलेला आहे. शेजारच्या वाणीविलास मोहल्ल्याला नाव मिळालं ते राज्याचा कारभार पाहणाऱ्या महाराणी केंपनंजम्मणी वाणीविलास सन्निधान यांच्यावरून. शहराला नळाचं पाणी पुरवणारा वाणीविलास जलप्रकल्पही त्यांच्याच नावाचा. विहिरी-तळ्यांच्या पाण्यातून पटकी पसरते ही धास्ती त्या काळी घरोघर होती, आणि नळाचं पाणी हे तिच्यावरचं उत्तर होतं. मानसगंगोत्रीतला जयलक्ष्मी विलास महाल १९०५ साली थोरल्या राजकन्येसाठी बांधला गेला. तिची धाकटी बहीण कृष्णाजम्मणी क्षयाने गेली, आणि तिच्या मुलींनाही त्याच रोगाने गाठलं. कृष्णराजसागराकडे जाणाऱ्या रस्त्यावर १९२१ मध्ये सुरू झालेल्या क्षयरुग्णालयाला कृष्णाजम्मणीचं नाव दिलेलं आहे. क्षयाचं रुग्णालय उघड्या हवेवर, गावाबाहेर असावं अशी तेव्हाची रीत होती. आता गाव त्याच्या पुढे कितीतरी सरकलंय. जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण एक चतुर्थांश आजही भारतात आहेत, तरी सुखवस्तू मोहल्ल्यातल्या धोक्यांच्या यादीत क्षय क्वचितच येतो. रोग तसाच राहिला आणि त्याची भीती तेवढी स्थलांतरित झाली, ती गरिबाच्या घरी गेली.

सगळ्यात मोठी भीती प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. तिथून तो आगगाडीच्या मार्गाने पसरत गेला आणि ऑगस्ट १८९८ मध्ये बंगळुरात पोचला, मग म्हैसुरात. संस्थानाचे प्लेग कमिशनर म्हणून व्ही. पी. माधवराव यांना नेमलं गेलं. हे विश्वनाथ पाटणकर माधवराव म्हणजे कुंभकोणमकडच्या तंजावरी मराठी घरातले गृहस्थ. पुढे ते त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. प्लेगच्या धक्क्यानंतर १९०३ मध्ये म्हैसुरात शहर सुधारणा मंडळ स्थापन झालं. देशातल्या अशा पहिल्या काही मंडळांमध्ये त्याची गणना होते. दाट वस्त्या मोकळ्या करायच्या, रुंद रस्त्यांचे नवे मोहल्ले आखायचे, सांडपाण्याची सोय करायची, हे त्याचं काम. आज म्हैसूरच्या ज्या ऐसपैसपणाचं आपण कौतुक करतो, त्याच्या मुळाशी उंदीर आणि पिसवांची दहशत आहे.

प्लेगच्या त्या वर्षांत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली, आणि या प्रकरणाचा गाभा तीच आहे. लोक रोगाला भीत होते, पण रोगापेक्षा प्लेगच्या बंदोबस्ताला जास्त भीत होते. पुण्यात १८९७ मध्ये रँड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या प्लेग समितीने गोरे सोजीर घराघरांत घुसवले, सामान बाहेर फेकलं, बायकांची तपासणी केली. लोक आजारी माणसाला माळ्यावर लपवू लागले, प्रेत गुपचूप पुरू लागले. साहेबाच्या लेखी हे अज्ञान होतं. त्या घरातल्या माणसाच्या लेखी हिशेब सरळ होता: प्लेग आपल्याला गाठेल किंवा गाठणार नाही, सोजीर मात्र नक्की गाठणार. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. म्हैसूर संस्थान देशी राजाचं, तरी १८९८ मध्ये श्रीरंगपट्टणजवळच्या गंजाममध्ये प्लेगच्या सक्तीविरुद्ध दंगल झालीच. पुण्यातच, १८९७ मध्येच, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणलं आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. रोग तोच, न्यायचं तेही दवाखान्यातच. पण न्यायला कोण येतंय यावर माणूस दार उघडायचं की नाही हे ठरवत होता.

म्हैसूरच्या राजवाड्याला हे त्याच्याही नव्वद वर्षं आधी कळलेलं होतं. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातलं ते पहिलं लसीकरण. गाईच्या देवीतून आलेलं द्रव्य अंगात घालून घ्यायचं, आणि तेही एका हातावरून दुसऱ्या हातावर, ही कल्पना लोकांना भयंकर वाटत होती. १८०५ च्या सुमारास टॉमस हिकी या चित्रकाराने म्हैसूरच्या राजघराण्यातल्या तीन स्त्रियांचं चित्र काढलं. त्यातल्या एका तरुण राणीने पदर किंचित सारून दंड दाखवला आहे. हे चित्र लसीकरणाच्या प्रचारासाठी काढलं असावं आणि ती राणी म्हणजे तिसरे कृष्णराज वडियार यांची पत्नी देवाजम्मणी, असं इतिहासकार नायजेल चॅन्सलर यांचं म्हणणं आहे. जुलै १८०६ च्या एका दरबारी नोंदीत राणीने लस टोचून घेतल्याचा उल्लेख असून, त्यामुळे लोक पुढे येऊ लागले असंही त्यात म्हटलं आहे. लसीत काहीही बदललं नव्हतं. बदललं ते एवढंच, की आधी स्वतःच्या दंडावर टोचून घेऊन मग दुसऱ्याला सांगणारं कुणीतरी भेटलं.

धोक्याबद्दलची माणसाची ही समज मोजता येते का, हा प्रश्न १९७० च्या दशकात पॉल स्लोविक, बारूख फिशॉफ आणि सारा लिक्टेनस्टाईन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी घेतला. त्यांनी ३० धोक्यांची यादी करून निरनिराळ्या गटांना ती उतरत्या क्रमाने लावायला सांगितली. महिला मतदार संघाच्या सदस्यांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अणुवीज पहिल्या क्रमांकावर ठेवली. तज्ज्ञांनी ती विसाव्या क्रमांकावर टाकली. क्ष-किरणांच्या बाबतीत उलटं झालं. तज्ज्ञांच्या यादीत ते सातवे, महिलांच्या यादीत बाविसावे. दरवर्षी किती माणसं मरतात ते तज्ज्ञ बघत होते. बाकीचे आणखी काही विचारत होते: हे मी माझ्या खुशीने पत्करलंय की माझ्यावर लादलंय? ते आटोक्यात ठेवणं माझ्या हातात आहे का? एकाच फटक्यात खूप माणसं जातील का? माझ्या नातवंडांना भोगावं लागेल का? फायदा कुणाचा आणि झळ कुणाला? १९८७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात स्लोविक यांनी या कामाचा जो आढावा लिहिला, त्याचं सार असं की सामान्य माणसाच्या धास्तीत काही शहाणपण असतं, आणि तज्ज्ञांच्या गणितात ते येत नाही. पीटर सँडमन या दुसऱ्या अभ्यासकाने पुढे त्याचं सोपं सूत्र केलं: धोका म्हणजे अपाय अधिक संताप.

मला हे सूत्र अर्धंच पटतं. संताप हा शब्द घेतला की साहेबमंडळींना मुद्दा भावनेचा वाटायला लागतो, आणि मग ‘लोकांची समजूत काढा’ हा उपाय सुचतो. पुष्कळदा समजूत काढण्याची नाही, नळ दुरुस्त करण्याची गरज असते. मुंबईतलं माहुल हे याचं फार वेदनादायक उदाहरण आहे, म्हणून त्याच्याकडे जरा थांबून बघू.

चेंबूरच्या पलीकडे, खाडीकाठी माहुल आणि आंबापाडा ही जुनी कोळ्यांची गावं. १९५० च्या दशकात शेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, मग खतांचा कारखाना, मग रसायनं साठवण्याच्या टाक्या. गावकरी सांगत होते: रात्री वास येतो, डोळे चुरचुरतात, छातीत कोंडतं. या बोलण्याला वजन यायला फार वर्षं गेली. केईएम रुग्णालयाच्या श्वसनविकार विभागाने २०१३ मध्ये गावात पाहणी केली. ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते असं सांगितलं, ८४.५ टक्क्यांनी छातीत कोंडल्यासारखं होतं म्हणून, आणि ८६.६ टक्क्यांनी डोळे चुरचुरतात म्हणून. चारुदत्त कोळी आणि इतर गावकऱ्यांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. १८ डिसेंबर २०१५ च्या निकालात लवादाने मान्य केलं की इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. ऑगस्ट २०२० मध्ये चार कंपन्यांनी मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई द्यावी असा आदेश लवादाने दिला.

केईएमच्या पाहणीत डॉक्टरांनी माणसांना विचारलं आणि माणसांनी सांगितलं ते लिहून घेतलं. म्हणजे गावकरी जे आधीपासून म्हणत होते तेच. फक्त आता ते रकान्यांत बसलं, त्याला टक्केवारी आली, खाली रुग्णालयाचं नाव आलं. एकाने सांगितलं तर ती कटकट, आणि शंभरांना एकाच पद्धतीने विचारलं तर तो पुरावा. अशा पाहणीवर आक्षेप घेता येतो. ज्याला कारखान्याचा राग आहे तो खोकलाही वाढवून सांगेल, असं म्हणता येतं, आणि शास्त्रज्ञाने ही शंका घ्यायलाच हवी. पण शंका घेणाऱ्याने मग हवा मोजायलाही हवी, आणि तीही रात्री, वास येतो त्या वेळी.

त्याच माहुलमध्ये, लवादाचा निकाल आलेला असताना, २०१७ पासून तानसा जलवाहिनीच्या काठची उठवलेली हजारो कुटुंबं आणून ठेवली गेली. मागे कारखान्यांच्या चिमण्या, पुढे ७२ इमारती. ८ ऑगस्ट २०१८ रोजी शेजारच्या शुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक कामगार जखमी झाले. घरं हादरली. ऑक्टोबर २०१८ पासून लोक विद्याविहारला पदपथावर येऊन बसले. पक्कं घर सोडून बायकामुलांनिशी रस्त्यावर राहणं, हे धोक्याबद्दलच्या मताचं याहून स्पष्ट मोजमाप कुठल्याही प्रश्नावलीत मिळणार नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की ज्यांना तिथे राहायचं नाही त्यांना महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत सरकारने द्यावी. स्लोविक यांच्या प्रश्नांची यादी इथे एकेक करून लावून बघा. लादलेलं? हो. आटोक्यात? नाही. एका फटक्यात? स्फोट झालाच. फायदा एकाचा, झळ दुसऱ्याला? पूर्णपणे. माहुलच्या बाईला ‘तुमची भीती मानसिक आहे’ असं सांगणाऱ्याने आधी तिथे एक पावसाळा काढावा.

आता दुसरी बाजू, कारण लोकांच्या नाकावर सगळं सोपवूनही चालत नाही. गंधकाची संयुगं नाकाला अतिशय सूक्ष्म प्रमाणात कळतात. म्हणून तर घरगुती गॅसमध्ये मुद्दाम इथाइल मर्कॅप्टन मिसळतात. मूळ गॅसला जवळजवळ वासच नसतो आणि गळती झाली तर कळावी कशी? उलट बेन्झीन. कर्करोग करणाऱ्या द्रव्यांमध्ये त्याची नोंद पक्की आहे, पण त्याचा गोडसर वास नाकाला कळेपर्यंत त्याचं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या बरंच वर गेलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना त्याचा कुजक्या अंड्यासारखा घाण वास येतो, आणि प्रमाण फार वाढलं की तो नाकाची शक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणून वायू गेला असं समजणारा माणूस तिथेच कोसळतो. त्याखेरीज सवय होते. गटाराशेजारच्या घरात पाहुण्याला वास येतो, घरच्यांना येत नाही. म्हणजे दुर्गंधीची तक्रार खरी मानावी, पण दुर्गंधी नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

जयलक्ष्मीपुरमसारख्या नीटनेटक्या मोहल्ल्याची अडचण नेमकी ही आहे. तिथे नाकाला खटकणारं कमी आणि न खटकणारं पुष्कळ. कुक्करहळ्ळी तलाव १८६४ साली तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी बांधला. कन्नड कवी कुवेंपु त्याच्या काठी फिरायला जात. पुढे भोवतालची वस्ती वाढली आणि सांडपाणी तलावात उतरू लागलं. सांडपाण्यातलं नत्र आणि फॉस्फरस मिळालं की शेवाळं माजतं, पाणी हिरवं होतं, रात्री त्यातला प्राणवायू संपतो. दुरून बघणाऱ्याला हिरवं पाणी, बगळे, झाडी असं चित्र सुंदरच दिसतं. हिरवेपणा इथे आजाराचं लक्षण आहे हे डोळ्याला आपोआप कळत नाही, ते सांगावं लागतं. रोज तिथे चालायला येणारे म्हैसूरकर आणि विद्यापीठातले जाणते ते सांगत राहिल्यामुळे तलावाचा प्रश्न लोकांसमोर राहिला.

डेंग्यूची गोष्ट याहून उलटी. डास म्हटलं की लोक गटाराकडे बोट दाखवतात आणि पालिकेने धुराचं यंत्र फिरवावं म्हणून मागणी करतात. गटारात वाढतो तो क्युलेक्स, रात्री कानाशी गुणगुणणारा. डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसा चावतो आणि स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो: कुंडीखालची बशी, कूलरचा तळ, गच्चीवरचं टायर, झाकण नसलेली टाकी, फ्रिजच्या मागचा ट्रे. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि तो जन्मस्थानापासून फार तर काहीशे मीटर उडतो. म्हणजे जयलक्ष्मीपुरमच्या माणसाला चावलेला एडिस बहुधा त्याच्या किंवा त्याच्या शेजाऱ्याच्या बागेतला असतो. बागा जितक्या जास्त, कुंड्या जितक्या देखण्या, तितकी त्याची सोय. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केलं आणि आवारात डासांची पैदास सापडली तर शहरातल्या घराला ४०० रुपये, खेड्यातल्या घराला २०० रुपये दंड ठरवला. धोका घरात असतो तेव्हा कुणाचाच राग येत नाही, म्हणून तो लहान वाटतो.

याचं टोक म्हणजे रेडॉन. ग्रॅनाइट आणि नीससारख्या खडकांत अत्यल्प युरेनियम असतं. त्याच्या क्षयातून रेडियम आणि रेडियममधून रेडॉन हा वायू तयार होतो. रंग नाही, वास नाही. जमिनीच्या भेगांतून तो तळमजल्यावर येतो आणि दारं-खिडक्या बंद असतील तर साठतो. म्हैसूर अशाच खडकावर वसलेलं आहे. मानसगंगोत्रीतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी म्हैसूरच्या हवेतल्या आणि घरांतल्या रेडॉनची मोजमापं अनेक वर्षं केली आहेत. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण पहाटे सर्वांत जास्त आणि दुपारी सर्वांत कमी, असं त्यांना आढळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी ३ ते १४ टक्के रेडॉनमुळे होतात, आणि घरातल्या हवेसाठी घनमीटरला १०० बेकरेल ही संदर्भपातळी तिने सुचवली आहे. धूम्रपान करणाऱ्याला हा धोका न करणाऱ्याच्या साधारण २५ पट. या वायूची मोजणी ज्या विद्यापीठात झाली त्याच्या कुंपणाशेजारी राहणाऱ्या किती लोकांनी रेडॉनचं नाव ऐकलं असेल?

डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात स्टॅन्ली वॉट्रस नावाचा अभियंता लिमरिक अणुवीज केंद्रात कामाला गेला आणि किरणोत्साराची घंटा वाजली. केंद्र अजून सुरूच झालेलं नव्हतं. किरणोत्सार त्याच्या कपड्यांवर घरून आला होता. घरातला रेडॉन मोजला तर तो वर सांगितलेल्या संदर्भपातळीच्या सुमारे हजारपट निघाला. शेजारच्या न्यू जर्सी राज्यात याच सुमारास सँडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की तळघरातल्या नैसर्गिक रेडॉनबद्दल लोक बेफिकीर होते. स्वस्तातली चाचणीसुद्धा करून घेत नव्हते. तेच लोक, रेडियमच्या जुन्या कारखान्याची दूषित माती आपल्या तालुक्यात आणून टाकणार म्हटल्यावर हजारोंनी रस्त्यावर उतरले. घरातल्या वायूला आरोपी नाही. मातीला होता.

रास्त संशय आणि अनाठायी भीती या दोन्ही गोष्टी अलीकडे पुण्यात एकाच वेळी दिसल्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. पायातली शक्ती जाते, मग हातातली, काहींचा श्वासही थांबतो. राज्यभरात संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली, काही दगावले. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला काही रुग्णांच्या विष्ठेत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. हा जिवाणू अर्धवट शिजलेल्या कोंबडीतून येतो, तसाच दूषित पाण्यातूनही. मग दोन भीती शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या. शहरात इतरत्र अनेकांनी चिकन सोडलं. साथीच्या पट्ट्यातले लोक मात्र विहिरीकडे बोट दाखवत होते. यातली नांदेड आणि किरकटवाडी ही गावं ३० जून २०२१ रोजी पालिकेत आली होती, आणि नांदेडच्या विहिरीचं पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ क्लोरीन घालून घरोघर जात होतं. नीट शिजवलेल्या कोंबडीची भीती अनाठायी होती. पाण्याबद्दलचा संशय रोजच्या अनुभवातून आलेला होता, आणि त्याची दखल साथ येण्याआधी घ्यायला हवी होती.

म्हणून रहिवासी चूक की तज्ज्ञ बरोबर, असा वाद घालण्यात अर्थ नाही. रहिवाशाला वेळ, जागा आणि वारा माहीत असतो. पहाटे तीनला काय होतं हे तपासनीसाला कधीच कळत नाही, कारण तो अकराला येतो. तज्ज्ञाला बेन्झीन, रेडॉन आणि बशीतली अळी माहीत असते. डोळ्यांना दिसणार नाहीत असे धूलिकण त्याचं यंत्र मोजतं. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांसाठी आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा वर्षाच्या सरासरीने घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे आणि भारताची ४०. या दोहोंच्या मधल्या हवेत ‘सगळं मर्यादेत आहे’ हे वाक्य कायद्याने खरं असतं आणि शरीराला लागू नसतं. हे फरक लोकांना मराठीत, कन्नडमध्ये, त्यांच्या भाषेत सांगणं हे तज्ज्ञाचं कर्तव्य आहे, आणि ते आज फार कमी जण पार पाडतात.

वाचकाला माझी विनंती अशी. तुम्ही जयलक्ष्मीपुरमला राहत असा, डोंबिवलीला की धायरीला, एक वही करा. वास आला तर तारीख, वेळ, कुठल्या दिशेचा वारा, किती वेळ टिकला आणि घरात कुणाला काय झालं ते लिहा. शेजारच्या चार घरांनाही लिहायला सांगा, प्रत्येकाने स्वतंत्र लिहावं, एकमेकांचं बघून नको. पाणी गढूळ आलं तर तेही लिहा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि हवेचे वा पाण्याचे मोजलेले आकडे मागा. माहितीच्या अधिकारात ते मिळतात. आठवड्यातून एक दिवस ठरवून घरातलं साठलेलं पाणी ओता आणि भांड्याच्या कडा घासा, कारण एडिसची अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात. तळमजल्यावर झोपत असाल तर खिडक्या रोज उघडा. या कामांना फारसे पैसे लागत नाहीत, आणि कुणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही.